मुक्कामाचा हक्क

आपल्या ओळखीतल्या एखाद्या मुस्लीम घरात विचारून पाहा, घराबाहेर रात्रीचा मुक्काम शेवटचा कधी आणि कुठे केला होता? उत्तरं बहुतेक ठरलेली असतात. कुणाचं तरी लग्न, गावची मय्यत, एखाद्या दर्ग्याचा उरूस, पुरुष असतील तर जमात किंवा इज्तेमा. समुद्राच्या काठी तंबू लावला आणि लाटा ऐकत पडून राहिलो, असं सांगणारं घर विरळाच. बायका-मुलींना घेऊन असं राहिलेलं कुटुंब तर महाराष्ट्रात मला अजून भेटलेलं नाही.

पैसा नाही, हे कारण लगेच पुढे केलं जातं. ते खरं आहे, पण अर्धंच. लग्नात लाखो रुपये खर्च करणाऱ्या घरांनाही हे सुचत नाही. माझ्या मते खरी अडचण दोन ठिकाणी आहे. एक, मुक्कामाच्या दारात विचारलं जाणारं नाव. दुसरी, घरात बसलेली भीती. या दोन्हींवर सरकारला सहज करता येण्यासारखा एक उपाय आहे. समुद्राजवळ पायी चालत जाऊन राहण्याचे छोटे सार्वजनिक तळ.

असा तळ कसा चालतो ते मी कॅलिफोर्नियात पाहिलं. धाकट्या बहिणीकडे गेलो होतो. तिच्या कुटुंबाबरोबर सॅन फ्रान्सिस्कोच्या उत्तरेला पॉइंट रेज इथल्या ‘कोस्ट कॅम्प’मध्ये दोन रात्री राहिलो. १९५० च्या दशकात या किनाऱ्यावर घरांच्या वसाहती उभ्या राहण्याची चिन्हं दिसू लागली, तेव्हा हा किनारा सगळ्यांसाठी राखावा अशी मागणी झाली. १९६२ साली राष्ट्राध्यक्ष केनेडी यांनी कायद्यावर सही केली. आज सुमारे ७१ हजार एकर जमीन राखीव आहे आणि तिच्यात गाडी न जाणारे चार छोटे तळ आहेत. त्याआधी हजारो वर्षं तिथे कोस्ट मिवोक आदिवासी राहत होते. त्यांची जमीन कशी गेली हा इतिहास विसरून अमेरिकेचे गोडवे गाण्यात अर्थ नाही. पण व्यवस्था म्हणून शिकण्यासारखं पुष्कळ आहे.

गाडी रस्त्याच्या कडेला सोडायची आणि सामान पाठीवर घेऊन साधारण साडेचार किलोमीटर चालायचं. पोहोचल्यावर काय मिळतं? एक सपाट जागा, लाकडी टेबल, पाण्याचा नळ, साधा संडास आणि रकून, कोल्हे यांच्यापासून अन्न वाचवायला लोखंडी पेटी. बस्स. खोली नाही, वीज नाही, हॉटेल नाही. कचऱ्याचा डबाही नाही, आपला कचरा आपणच परत न्यायचा. तळावर लाकडं पेटवायला बंदी आहे आणि त्यामागे कारण आहे. १९९५ च्या ऑक्टोबरमध्ये याच भागात कुणीतरी बेकायदा पेटवलेली शेकोटी नीट विझली नव्हती. तिच्यातून भडकलेल्या वणव्यात सुमारे १२ हजार एकर जंगल आणि ४५ घरं जळाली.

माझ्या लक्षात राहिली ती मात्र वेगळीच गोष्ट. दोन दिवसांत आम्हाला कुणी ‘तुम्ही कोण’ असं विचारलं नाही. वनरक्षकाने परवाना पाहिला, माणसं मोजली, अन्न पेटीत ठेवलंय ना एवढं विचारलं आणि पुढे गेला. माझ्या बहिणीच्या डोक्यावर ओढणी होती. शेजारच्या तंबूतल्या बाईने तिच्याकडे काडेपेटी मागितली. नियम सगळ्यांना सारखा असला की माणसाला स्वतःची ओळख सिद्ध करत बसावं लागत नाही.

मगरीबच्या वेळी पंधरा वर्षांच्या भाचीने विचारलं, “मामू, किब्ला कुठे?” कोकणात आपण समुद्राकडे तोंड करून नमाज पढतो. कॅलिफोर्नियात किब्ला उत्तरेकडून जरासा पूर्वेला येतो, म्हणजे समुद्र पाठीशी. वजूला एक बाटली पाणी सगळ्यांना पुरलं. सारी जमीन सजद्यासाठी आहे, पाणी नसेल तर तयम्मुम आहे, मुसाफिराला नमाजीत सवलत आहे. हे सगळं आपण मदरशात शिकतो. ज्या दीनने प्रवाशासाठी इतका बारीक विचार केला, त्याची माणसं प्रवासाला एवढी बिचकतात, याचं मला नवल वाटतं.

आता आपल्याकडे या. कोकणात समुद्राजवळ राहायचं तर बहुतेक ठिकाणी खाजगी रिसॉर्ट, घरगुती निवास किंवा कुणीतरी वाळूवर लावलेले भाड्याचे तंबू. फोनवर बोलणं छान चाललेलं असतं. नाव सांगितलं की पलीकडे क्षणभर शांतता पसरते आणि मग ‘सगळं फुल आहे’ असं उत्तर येतं. प्रत्येक ठिकाणी असं होत नाही. माणुसकीने वागवणारे कितीतरी यजमान मी पाहिले आहेत, त्यांच्या घरी जेवलो आहे. पण प्रत्येक वेळी यजमान कसा निघेल याचा अंदाज घेत मुलाबाळांना घेऊन कोण निघेल? राज्यघटनेच्या कलम १५ मधलं दुसरं पोटकलम सांगतं की दुकानं, उपाहारगृहं, हॉटेलं अशा जागी धर्म किंवा जातीवरून कुणाला अडवता येणार नाही. पण ‘फुल आहे’ या दोन शब्दांविरुद्ध पुरावा कुठून आणणार?

सार्वजनिक जागा आपोआप सगळ्यांची होत नाही, हेही खरं. अमेरिकेतल्या शेनान्डोआ राष्ट्रीय उद्यानात १९३९ साली काळ्या लोकांसाठी लुईस माउंटन हा वेगळा तळ उघडला होता. तो भेद मोडायला साधारण दहा वर्षं गेली. आपल्याला तर उदाहरणासाठी परदेशी जायचीही गरज नाही. २० मार्च १९२७ ला डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी महाडच्या चवदार तळ्याचं पाणी प्यायलं, ते सार्वजनिक जागेवरचा हक्क सांगण्यासाठीच. त्याच वर्षी डिसेंबरच्या परिषदेला महाडमध्ये जागा मिळेना, तेव्हा फत्तेखान या मुसलमान गृहस्थाने आपली जागा दिली. हा इतिहास कोकणातल्या मुसलमानाला ठाऊक असायला हवा. सगळ्यांसाठी जागा मागण्याची परंपरा आपलीही आहे.

दुसरी अडचण भीतीची. १ फेब्रुवारी २०१६ ला पुण्याच्या एका कॉलेजची सहल मुरूडला गेली होती. तिच्यातले १४ विद्यार्थी समुद्रात बुडाले. त्यानंतर माझ्या ओळखीच्या अनेक घरांत मुलींच्या सहली बंद झाल्या. ज्या आईबापांचं काळीज तेव्हा हललं, त्यांना मी नावं ठेवणार नाही. पण इतकी वर्षं झाली, भीतीतून आपण शिकलो काय? मुलीला पाठवायचं नाही, एवढंच. भरती-ओहोटीचं वेळापत्रक वाचायला शिकवावं, लाट ओढते तेव्हा काय करायचं ते सांगावं, पोहायला शिकवावं, हे मागेच राहिलं. पॉइंट रेजचा समुद्रही धोक्याचाच आहे. अचानक उसळून माणसाला ओढून नेणाऱ्या लाटा तिथेही आहेत. म्हणून तसे इशारे लावलेले असतात आणि वाळूवरून लांब चालत जायचं तर आधी ओहोटीची वेळ पाहायला सांगतात. माझी भाची ते वेळापत्रक स्वतः वाचत होती. त्या वयाच्या आपल्या किती मुलींना ते वाचता येतं?

म्हणून माझी मागणी साधी आहे. रायगडमध्ये मुरूडजवळ फणसाडचं जंगल आहे. एकेकाळी ते जंजिऱ्याच्या सिद्दी नवाबांचं शिकारीचं रान होतं, १९८६ साली अभयारण्य झालं. जंगलाच्या आत माणसांनी रात्री गर्दी करू नये, तिथे बिबटे आहेत आणि ती जागा त्यांची आहे. पण अभयारण्याबाहेर, किनाऱ्याच्या गावांलगत दहा-बारा तंबूंचा तळ उभारायला काय लागतं? सपाट जागा, नळ, दोन संडास, एक रखवालदार, भरती-ओहोटीचा फलक. आरक्षण सरकारी आणि जो आधी मागेल त्याला. पक्कं बांधकाम नसल्यामुळे किनारा नियमन क्षेत्राच्या कायद्याशी झगडाही कमी. तळ ग्रामपंचायतीकडे दिला तर गावातल्या बायकांना जेवणाच्या डब्यांचं काम मिळेल. गाडी तळापर्यंत जाऊ द्यायची नाही, ही एक अट मात्र पक्की हवी. डीजे, दारूच्या पेट्या आणि वाळूवर धावणाऱ्या जीप यांतलं काहीच कुणी पाठीवर घालून चार किलोमीटर नेत नाही.

‘आपल्याकडचे लोक घाण करतील’, असं कुणी म्हणेल. करतील, सुरुवातीला करतीलच. तिकडेही वणवा माणसानेच लावला होता. त्यावर नियम कडक केले जातात, तळ बंद केले जात नाहीत.

आणि थोडं काम आपलंही आहे. आपल्या शाळा, ट्रस्ट, महिला मंडळं वर्षाला एक तरी सहल अशी काढू शकतात. बरोबर पोहता येणारी दोन माणसं आणि चार खाला-फुफ्या असल्या की झालं. मुलींना नेताना वडीलधाऱ्या बायकांनाही न्यावं. त्यांनीही आयुष्यात एक रात्र चूल न पेटवता आकाशाखाली काढावी. कोकणातल्या कितीतरी मोहल्ल्यांतून समुद्राची गाज ऐकू येते. तिथल्या ग्रामसभेत पाणी, रस्ता, कब्रस्तानाची भिंत हे विषय दरवर्षी निघतात. या वर्षी त्यात सगळ्यांसाठी खुल्या मुक्कामाच्या तळाचा ठरावही मांडा.