सॉफ्टनर बसवला, पण आकडे कोण भरणार?

भांड्यांवर पांढरे डाग, गिझरच्या कॉइलवर चुन्याचा थर, कितीही साबण चोळला तरी फेस नाही आणि न्हाल्यावर केस राठ. लखनौच्या चारबाग परिसरात बोअरच्या पाण्यावर संसार करणाऱ्या गृहिणींना जड पाण्याची ही लक्षणे नव्याने सांगावी लागत नाहीत. गंगेच्या खोऱ्यातील गाळात चुनखडीचे कंकर असतात. त्यातून झिरपणारे पाणी कॅल्शियम व मॅग्नेशियमचे क्षार सोबत घेऊनच वर येते. वाफेच्या इंजिनांच्या काळात रेल्वेलाही अशा पाण्याने छळले. बॉयलरमध्ये थर साचला की कोळसा जास्त जळे आणि नळ्या निकामी होत.

यावर उपाय म्हणून आता अनेक घरांत स्वयंचलित वॉटर सॉफ्टनर बसतो. मेकॅनिक नळ जोडतो, मीठ भरतो, बटण दाबतो आणि निघून जातो. यंत्रात आकडे मात्र कारखान्यातलेच राहतात. मग एका घरात महिन्याला पोतेभर मीठ संपते, तर दुसऱ्या घरात हजारो रुपये खर्चूनही बादलीवर पांढरा थर तसाच दिसतो. दोष बहुधा यंत्राचा नसतो, आकड्यांचा असतो.

यंत्र काय करते?

टाकीतील रेझिनचे बारीक मणी पाण्यातील कॅल्शियम व मॅग्नेशियम धरून ठेवतात आणि त्याबदल्यात सोडियम सोडतात. मणी भरले की मिठाच्या पाण्याने ते धुऊन पुन्हा ताजे करावे लागतात. ही धुलाई कधी आणि किती मिठाने करायची, एवढेच यंत्राला सांगायचे असते.

पहिला आकडा जडतेचा

शेजारणीच्या घरचा आकडा आपल्या यंत्रात भरू नये. चारबागला लागूनच असलेल्या ऐशबागच्या जलकेंद्रात गोमतीचे पाणी शुद्ध होते. नदीचे पाणी आणि बोअरचे पाणी यांच्या जडतेत बराच फरक असू शकतो. घरात दोन्ही येत असतील तर दोन्ही तपासावीत आणि जास्त असेल तो आकडा धरावा. थेंब टाकून रंग बदलेपर्यंत मोजण्याचा संच घरीही वापरता येतो.

खरी फसगत होते ती एककात. प्रयोगशाळा जडता लिटरमागे मिलिग्रॅममध्ये देते. काही यंत्रे मात्र ती ग्रेनमध्ये मागतात. एक ग्रेन म्हणजे सुमारे १७ मिलिग्रॅम. म्हणजे ४०० मिलिग्रॅमचे पाणी ग्रेनमध्ये २३ ते २४ भरते. मिलिग्रॅमच्या जागी २३ भरले तर यंत्राला पाणी मऊच वाटते आणि धुलाई वेळेवर होत नाही. उलट चूक झाली तर यंत्र सारखे मीठ खात बसते.

दुसरा आकडा लिटरचा

समजा घरात चार माणसे आहेत. शहरी पाणीपुरवठ्यासाठी माणशी रोज १३५ लिटर धरतात. म्हणजे घराचे झाले ५४० लिटर. टाकीत २५ लिटर रेझिन असेल आणि प्रत्येक धुलाईला अडीच किलो मीठ दिले, तर ते साधारण ११५० ग्रॅम जडता धरते. ४०० मिलिग्रॅम जडतेचे सुमारे २९०० लिटर पाणी त्यातून मऊ होईल. एका दिवसाचा वापर राखीव ठेवून यंत्रात २३०० लिटर भरावे. चार दिवसांनी धुलाई येईल. पाहुणे आले तर ती आपोआप लवकर होईल. यंत्र पाणी मोजणारे नसून केवळ दिवस मोजणारे असेल, तर तेथे चार दिवस लावावेत.

मीठ जास्त घातले की काम जास्त, असा हिशेब करू नये. याच टाकीला सहा किलो मीठ दिले तर क्षमता सुमारे दीडपटच वाढते, मीठ मात्र जवळजवळ अडीचपट लागते. मिठाच्या टाकीत पाणी भरण्याची वेळही याच हिशेबाने लावावी. एका लिटरमध्ये साधारण ३६० ग्रॅम मीठ विरघळते. म्हणून अडीच किलोसाठी सात लिटर पुरे.

घड्याळ आणि वीज

धुलाई बहुधा रात्री दोन वाजता ठेवलेली असते. त्या तास-दीड तासात अनेक यंत्रांतून नळाला जड पाणीच येते, म्हणून ही वेळ सोयीची. पण रात्री प्रेशर पंप बंद करण्याची सवय असेल, तर दाबाअभावी मिठाचे पाणी ओढलेच जात नाही. मीठ कमी होत नाही आणि पाणीही मऊ होत नाही, असे दिसले की आधी हेच तपासावे. अशा घरी पंप चालू असतानाची दुपारची वेळ लावावी.

वीज गेल्यावर काही यंत्रांचे घड्याळ मागे पडते. ते पाहताना सकाळ-संध्याकाळचा घोटाळा झाला नाही ना, हेही बघावे. धुलाईच्या मध्येच वीज गेली तर व्हॉल्व्ह आहे तेथेच थांबतो आणि पाणी मोरीत वाहत राहते. यंत्राला इन्व्हर्टरची जोडणी दिली तर गच्चीवरची टाकी रिकामी होणार नाही.

पिण्याचे पाणी वेगळे

सर्वांत महत्त्वाची गोष्ट प्रकृतीची. दर १०० मिलिग्रॅम जडतेमागे मऊ पाण्यात ४६ मिलिग्रॅम सोडियम येते. ४०० जडतेच्या घरी लिटरमागे १८४ मिलिग्रॅम. रक्तदाबाच्या किंवा मूत्रपिंडाच्या रुग्णाला मीठ कमी करायला सांगितले असेल, तर भाजीत चिमूटभर मीठ कमी करून उपयोग काय? तान्ह्या बाळाच्या दुधासाठीही हे पाणी वापरू नये. स्वयंपाकघरातील एक नळ सॉफ्टनरच्या आधीच काढून घ्यावा आणि ते पाणी नेहमीप्रमाणे शुद्ध करून प्यावे. भारतीय मानकानुसार पिण्याच्या पाण्यात २०० मिलिग्रॅमपर्यंत जडता असावी, दुसरा स्रोत नसेल तर ६०० पर्यंत चालते. सॉफ्टनर जंतू मारत नाही, हेही विसरू नये.

संडास आणि बागेचे नळही साध्या पाण्यावरच ठेवावेत. प्रत्येक धुलाईला शंभर-दोनशे लिटर पाणी जाते, म्हणून मऊ पाणी उगाच वाया का घालवावे? धुलाईचे खारट पाणी तुळशीला किंवा कुंड्यांना मुळीच घालू नये.

सगळे आकडे एका कागदावर लिहून यंत्राजवळ चिकटवावेत. महिन्यातून एकदा, धुलाईच्या आदल्या संध्याकाळी नळाचे पाणी तपासावे. तेव्हाही ते मऊ निघाले तर आकडे बरोबर. जड निघाले तर मीठ वाढवण्याआधी लिटर थोडे कमी करून पाहावे.