डॅफ्निया मेले म्हणून फिल्टर घेऊ नका

मंडळी, सायन्स फेअरचा सीझन आलाय, म्हणून लिहितेय.

माझ्या सातवीतल्या लेकीने तीन बरण्यांत डॅफ्निया सोडले. डॅफ्निया म्हणजे तळ्यात उड्या मारत पोहणारे दोन-चार मिलिमीटरचे आरपार जीव. एका बरणीत आमचं नळाचं पाणी, दुसरीत मैत्रिणीकडचं आरओचं, तिसरीत तिच्याच मिनरल कार्ट्रिजमधून आलेलं. दुसऱ्या दिवशी नळाच्या बरणीतले सगळे तळाला. आरओवाले मरगळलेले. मिनरलवाले मस्त! नवऱ्याने लगेच फिल्टर ऑर्डर करायला लॅपटॉप उघडला. "आपण मुलांना हे पाजतोय?"

मी म्हटलं, थांब जरा.

आपल्या गावच्या पाण्यात क्लोरामाइन असतं. अमेरिकेत ते लिटरला ४ मिलिग्रॅमपर्यंत चालतं. डॅफ्निया त्याच्या कितीतरी कमी मात्रेत मरतात. शिवाय ते नुसतं पाणी उघडं ठेवून लवकर उडत नाही. लेकीने मत्स्यालयाच्या दुकानातले क्लोरामाइन घालवायचे थेंब टाकून प्रयोग पुन्हा केला, तर नळाच्या पाण्यातलेही टुणटुणीत. आरओच्या पाण्यात ते मरगळतात कारण त्यांना कात टाकल्यावर नवं कवच करायला पाण्यातलंच कॅल्शियम लागतं. आपल्या पोरांना ते दुधातून, नाचणीतून मिळतं की!

मला खरी काळजी उलट्या बाजूची वाटते. पाण्यातल्या नायट्रेटची मर्यादा इथे नायट्रोजनच्या हिशोबाने लिटरला १० मिलिग्रॅम आहे, कारण त्यापुढे तान्ह्या बाळाच्या रक्ताची ऑक्सिजन वाहायची ताकद कमी होऊ शकते. डॅफ्निया त्याच्या दहापट नायट्रेटमध्येही दोन दिवस आरामात पोहतील. ज्यांच्या घरी विहिरीचं पाणी आहे आणि बाळ फॉर्म्युल्यावर आहे, त्यांनी "किडे जिवंत आहेत" यावर अजिबात विसंबू नये. शिशाचंही तेच.

डॅफ्नियाची चाचणी खोटी नाही हं. १९८६ साली बाझेलजवळ रसायनांच्या गोदामाला आग लागली, ऱ्हाइन नदी विषारी झाली. पुढे त्या नदीवर डॅफ्नियांची हालचाल सतत टिपणारी यंत्रं बसवली. पाण्यात अचानक काही बिघडलं की ते आधी सांगतात. पण काय बिघडलं, ते नाही सांगत.

तेव्हा फिल्टरवाला घरी येऊन ग्लासात जीव पोहून दाखवायला लागला, तर त्याला चहा पाजा आणि वाटेला लावा. पाणी कंपनीचा वार्षिक रिपोर्ट वाचा. घर जुनं असेल तर शिशाची तपासणी करा, विहीर असेल तर दरवर्षी नायट्रेट आणि बॅक्टेरियाची.

आमच्याकडे फिल्टर नाही आला. डॅफ्निया मात्र आहेत, दोनशेच्या वर झालेत. कुणाला हवेत?