पचमढीचा 'शोध'

मागच्या उन्हाळ्यात पचमढीला एका जुन्या बंगल्यातील हॉटेलात चहा घेण्याचा योग आला. ऐसपैस व्हरांडा, वेताच्या खुर्च्या, आणि दाराशी चौकटीत डोंगराचा इतिहास: कॅप्टन जेम्स फोर्सिथ याने १८५७ साली पचमढीचा शोध लावला. मी मॅनेजरला विचारले, "त्याआधी पचमढी कुठे होती?" तो हसला आणि बिल आणायला गेला.

वाचकहो, बिल चुकते झाले. प्रश्न शिल्लक आहे. फोर्सिथ बायसन लॉज बांधायला वर गेला तो १८६२ साली. १८७१ मध्ये निघालेल्या त्याच्याच पुस्तकात कोरकू ठाकूर आहे, महादेवाची जत्राही आहे. ज्याला शोधक म्हणता, तोच साक्ष देतो की तिथे आधी माणसे होती! तात्या टोप्यांना साथ देणारे भभूतसिंह याच रानातले.

पुढे नागपूरचे सरकार उन्हाळ्यात पचमढीला मुक्कामाला जाऊ लागले, बंगले उठले. १९५६ साली नागपूर मुंबई राज्यात गेले, आम्ही सौंसर-पांढुर्णेवाले मध्यप्रदेशात राहिलो, आणि साहेबांच्या काही बंगल्यांची हॉटेले झाली. त्यांचा इतिहास त्यांनी खुशाल सांगावा. पण तोच डोंगराचा इतिहास म्हणून खपवू नये.

आमच्या सावरगावाला जग पोळ्याच्या दुसऱ्या दिवशीच्या गोटमारीपुरते ओळखते. (तेही डोकी किती फुटली ते मोजायला.) पण याच गावातून, साऱ्या वऱ्हाड-नागपुरातून, शिवरात्रीला खांद्यावर त्रिशूळ घेऊन माणसे चौरागड चढतात. जुन्नारदेवला या वाटेची सुरुवात होते, त्या जागेचे नाव 'पहिली पायरी'. हिंदी मुलखात 'सीढी' नव्हे, 'पायरी'! हा एक शब्द कोणत्याही पाटीपेक्षा जुना दस्तऐवज आहे, आणि तो आम्ही कधी वाचलाच नाही.

दोष हॉटेलवाल्यांचाच कसा म्हणू? शिवरात्रीला अनवाणी जाणारी आमचीच मंडळी मे महिन्यात मोटारीने जातात, त्या चौकटीपुढे फोटो काढतात आणि परत येऊन पोरांना फोर्सिथची गोष्ट सांगतात. मीही वर्गात वर्षानुवर्षे तेच सांगितले.

यंदा नववीला गृहपाठ दिला: घरातून चौरागडला कोण, कोणत्या वाटेने गेले, ते आजीला विचारून लिहा. बावीस वह्या माझ्या टेबलावर आहेत. त्यांतली दोन पाने त्या दाराशी लावायला हॉटेलवाल्यांनी जागा द्यावी. चौकटीचा खर्च मी देतो.