पातमुखावरची गॅलरी : महापालिका आयुक्तांना खुले पत्र

प्रति,
आयुक्त, बृहन्मुंबई महानगरपालिका

2022 मध्ये आपल्या महापालिकेने समुद्र बघायला येणाऱ्यांसाठी दोन गॅलऱ्या खुल्या केल्या. एक दादरला चैत्यभूमीजवळ, दुसरी गिरगाव चौपाटीवर. दोन्ही झोकात बांधल्या आहेत, कठडे आहेत, बसायला जागा आहे, सूर्यास्त छान दिसतो. आणि दोन्ही पर्जन्य जलवाहिन्यांच्या पातमुखांवर उभ्या आहेत. शहरातला नाला जिथे समुद्रात रिकामा होतो नेमक्या त्याच जागी पाहुण्याला उभे करून ‘बघा आमचा अरबी समुद्र’ म्हणायचे, ही कल्पना ज्या कुणा अभियंत्याला सुचली त्याच्या निर्भीडपणाला दाद द्यायला हवी. पातमुख पर्जन्याचे आहे, मलाचे नव्हे, असे आपले खाते सांगेल. मान्य. पण मुंबईत पाऊस जून ते सप्टेंबर पडतो. मग फेब्रुवारीत, ओहोटीच्या वेळी, त्या पातमुखातून काळे पाणी येते ते कोणत्या ढगातले?

या एका प्रश्नाचे उत्तर आपल्याकडे वर्षानुवर्षे मागितले जात आहे. न्यायालयात याचिका झाल्या, राष्ट्रीय हरित लवादाने प्रक्रिया न केलेल्या सांडपाण्याबद्दल महापालिकेला भरपाई भरायला सांगितले, प्रदूषण नियंत्रण मंडळ किनाऱ्यावरच्या पाण्याचे नमुने घेऊन तपासत राहिले. उत्तर म्हणून आपण काय दिले? वाळू साफ करणारी यंत्रे दिली, ठेकेदार दिले, झाडू दिले. चौपाटीची स्वच्छता म्हणजे वाळूची स्वच्छता, असे समीकरण आपण रुजवले आणि आम्हीही ते मुकाट्याने पत्करले, कारण प्लॅस्टिकची पिशवी डोळ्यांना दिसते, जंतू दिसत नाही. माझे म्हणणे एवढेच आहे की जुहूच्या वाळूत पडलेला भेळेचा कागद हा या शहराचा सर्वांत किरकोळ गुन्हा आहे. सर्वांत मोठा गुन्हा पाण्यात आहे, आणि तो करणारा कुणी भेळवाला किंवा पर्यटक नाही. तो करणारी संस्था आपली आहे.

आकडे आपल्याला पाठ असतील, तरी मांडतो. शहराला रोज सुमारे 3,850 दशलक्ष लिटर पाणी पुरवले जाते. पुरवलेल्या पाण्यापैकी 80 टक्के सांडपाणी होऊन परत येते असे धरावे, हा केंद्राच्या मलनिःसारण नियमपुस्तिकेतला ठोकताळा आहे. म्हणजे 3,080 दशलक्ष लिटर. आता प्रक्रियेचे पाहू. वरळी आणि वांद्रे या दोन मोठ्या केंद्रांत आजवर जे होत आले त्याला प्रक्रिया म्हणणे हा भाषेवर अन्याय आहे. जाळीतून चिंध्या-पिशव्या अडवायच्या, रेती-खडी खाली बसू द्यायची आणि उरलेले सगळे साडेतीन किलोमीटरच्या आसपास लांबीच्या नळातून समुद्रात सोडायचे. चाळणीतून जंतू गाळले जात नाहीत, हे सांगायला अभियंता लागत नाही. प्रक्रिया न झालेल्या मैलापाण्यात दर 100 मिलिलिटरला विष्ठाजन्य जंतू दहा लाखांच्या घरात असतात, अनेकदा त्याहून जास्त. आंघोळीसाठी, जलक्रीडेसाठी आणि व्यावसायिक मासेमारीसाठी राखलेल्या किनारी पाण्यात त्यांची मर्यादा आहे 100. शंभर मिलिलिटर म्हणजे टपरीवरचा एक कटिंग. त्या कटिंगभर पाण्यात शंभर जंतू चालतात, आणि आपण सोडता त्यात दहा लाख. एक लिटर मैलापाणी मर्यादेत आणायला दहा हजार लिटर निखळ स्वच्छ समुद्र लागतो. दिवसाला शेकडो दशलक्ष लिटरसाठी किती लागेल हा गुणाकार आपल्या लेखा विभागाने करावा.

आणि ही झाली नळापर्यंत पोचणाऱ्या मैल्याची गोष्ट. 2011 च्या जनगणनेनुसार मुंबईतली चाळीस टक्क्यांहून अधिक वस्ती झोपडपट्टीत राहते. तिथल्या बऱ्याच शौचालयांना मलवाहिनीची जोडणीच नाही, त्यांचा मैला जवळच्या नाल्यात जातो. नाला पर्जन्य जलवाहिनीला मिळतो आणि ती समुद्राला. इर्ला नाला जुहूला, गझदरबंध नाला जुहू कोळीवाड्याच्या बाजूला, मोगरा नाला मालाडच्या खाडीत. शहराला अशी 186 पातमुखे असल्याचे आपल्याच कागदपत्रांत आहे आणि त्यांतली मोजकीच भरतीच्या पातळीच्या वर आहेत. भरतीला समुद्र तोंड दाबून धरतो, ओहोटीला साठलेले सगळे एकदम बाहेर पडते. लोकही नेमके ओहोटीलाच पाण्याशी येतात, कारण तेव्हा वाळू मोकळी असते.

यावर आपले पहिले उत्तर ठरलेले असते : नवी केंद्रे येत आहेत. येत आहेत खरी. 19 जानेवारी 2023 रोजी पंतप्रधानांच्या हस्ते सात केंद्रांची पायाभरणी झाली. वरळी 500, मालाड 454, धारावी 418, वांद्रे 360, घाटकोपर 337, भांडुप 215, वर्सोवा 180. बेरीज 2,464 दशलक्ष लिटर, खर्च सुमारे 17,200 कोटी. कुलाब्याचे 37 मिळवले तर 2,501. आता वरचा 3,080 चा आकडा शेजारी ठेवा. सगळी केंद्रे पूर्ण झाली, पहिल्या दिवसापासून पूर्ण क्षमतेने चालली आणि एकही पंप बंद पडला नाही, तरी रोज 579 दशलक्ष लिटरचा हिशेब लागत नाही. आपण म्हणाल की पुरवठ्यातले बरेच पाणी गळतीत आणि चोरीत जाते, ते मलवाहिनीत येतच नाही. गळतीपुरते कबूल. चोरीचे पाणी मात्र चोराच्या मोरीतून शेवटी गटारातच येते, ते कुठे आकाशात उडून जात नाही. शिवाय टँकरचे आणि विहिरींचे पाणी आपल्या पुरवठ्याच्या आकड्यात नाही, पण सांडपाण्यात आहेच. आणि मूळ अडचण क्षमतेची नाहीच. जो मैला मलवाहिनीऐवजी नाल्यातून वाहतो त्याला ही सात केंद्रे काय करणार? केंद्र वरळीत आणि मैला इर्ला नाल्यात, अशी स्थिती राहिली तर 17,200 कोटींनंतरही जुहूची ओहोटी काळीच राहील. नाल्यांचे कोरड्या दिवसांतले पाणी अडवून मलवाहिनीत वळवायचे काम पायाभरणीच्या समारंभाइतके छायाचित्रात छान दिसत नाही, एवढाच त्याचा दोष.

दुसरे उत्तर : उशीर आमच्यामुळे नाही, केंद्र सरकारने प्रक्रियेचे निकष बदलले. बदलले, हे खरे. 2015 मध्ये कडक निकषांचा मसुदा आला, 2017 मध्ये अंतिम अधिसूचनेत ते सैल झाले, 2019 मध्ये हरित लवादाने पुन्हा आवळले. पण याच काळात, न्यायालयीन स्थगित्या आणि पर्यावरण परवानग्यांचे अडथळे ओलांडून, 10.58 किलोमीटरचा किनारी रस्ता सुमारे 14,000 कोटी रुपये घालून आपण बांधलात. म्हणजे जे करायचे मनात असते ते आपल्याकडून होते. पैसा नव्हता असे तर आपण म्हणूच शकत नाही. 2025-26 चा आपला अर्थसंकल्प 74,427 कोटींचा आहे. मोटारीतून समुद्र ताशी ऐंशीच्या वेगाने बघण्याची सोय आधी झाली आणि त्या समुद्रात घाण न सोडण्याची नंतर होणार आहे, हा प्राधान्यक्रम कुणी, कोणत्या सभागृहात ठरवला? 7 मार्च 2022 ला नगरसेवकांची मुदत संपली आणि पुढची जवळजवळ चार वर्षे हे प्रश्न विचारायला सभागृहच नव्हते. प्रशासकांच्या काळात फायली भराभर हलतात असे म्हणतात.

तिसरे उत्तर अधिक शास्त्रीय वाटते म्हणून त्याला वेळ देतो. सागरी नळातून सांडपाणी दूर नेऊन सोडणे ही जगभर मान्य पद्धत आहे, समुद्र ते विरळ करतो. यासाठी सिडनीचा दाखला दिला जातो, तर तोच घेऊ. सिडनीच्या बॉन्डाय किनाऱ्यावर पूर्वी कड्याच्या पायथ्याशीच मैलापाणी सोडत. लोक संतापले, तेव्हा 1990-91 मध्ये तिथे खोल समुद्रातले नळ सुरू झाले. खोल म्हणजे किती? 60 ते 80 मीटर पाण्याखाली. आपले नळ लांबीला कमी नाहीत, पण मुंबईसमोरचा समुद्र मैलोन्‌मैल उथळ आहे, त्यात बाहेरून आत ढकलणारी भरती आहे, आणि पावसाळ्यात वारा महिनोन्‌महिने किनाऱ्याकडेच वाहतो. दर जुलै-ऑगस्टमध्ये मोठ्या भरतीला मरीन ड्राइव्हच्या कठड्यावरून रस्त्यावर कचरा येऊन पडतो आणि वर्तमानपत्रे लिहितात की समुद्राने मुंबईचा कचरा परत केला. प्लॅस्टिक परत करणारा समुद्र मैला तेवढा स्वतःकडे ठेवून घेतो, असा आपल्या अभियंत्यांचा विश्वास असावा. सिडनीकडून घ्यायची दुसरी गोष्ट मात्र आपण कधी घेतली नाही. 1989 पासून तिथे ‘बीचवॉच’ नावाची सरकारी योजना आहे. ती किनाऱ्यांचे पाणी नियमित तपासते आणि आज कुठे उतरू नये ते लोकांना सांगते.

आता राहिले लोक. ‘नागरिकांनाच शिस्त नाही’ हे वाक्य आपल्या प्रत्येक मोहिमेत असते, आणि ते खोटे नाही. वाळूत बाटल्या टाकणारे, निर्माल्य पिशवीसकट भिरकावणारे आम्हीच. पण याच लोकांतल्या काहींनी, वकील अफरोझ शाह यांच्या पुढाकाराने, ऑक्टोबर 2015 पासून वर्सोव्याची वाळू हातांनी उपसली, आणि 2018 च्या मार्चमध्ये तिथे ऑलिव्ह रिडले कासवाची पिल्ले दिसली. लोकांच्या हातात वाळू होती, ती त्यांनी साफ केली. नाला आणि नळ आपल्या हातात आहेत. विसर्जनाचे दिवस अकरा असतात, मैलापाण्याचे तीनशे पासष्ट. आपल्या 2006 च्या स्वच्छता उपविधींनी रस्त्यावर थुंकणाऱ्याला 200 रुपये दंड ठेवला होता आणि तो वसूल करायला क्लीनअप मार्शल नेमले होते. एका पिचकारीला 200 रुपये, या दराने रोजच्या शेकडो दशलक्ष लिटरची पावती कुणाच्या नावे फाडायची?

‘मुंबईचा पर्यटक पोहतो कुठे, तो तर पाय भिजवून भेळ खातो’ हा युक्तिवादही कानावर येतो. पाय भिजवायला आईबाप येतात. त्यांची मुले गुडघ्याएवढ्या पाण्यात बसतात, लोळतात, ते पाणी तोंडात जाते. आणि वर्सोवा, खार दांडा, माहीम, वरळीचे कोळी तर पर्यटक नाहीत. त्यांचा रोजगारच या पाण्यात उभे राहण्याचा आहे. किनाऱ्यालगतची मासळी आटली म्हणून त्यांनी होड्या अधिक दूर न्याव्यात आणि डिझेलचा खर्च सोसावा, असा त्यांच्यापुरता विकास आपण केला आहे. 2020 मध्ये देशातल्या पहिल्या आठ किनाऱ्यांना ‘ब्लू फ्लॅग’ मानांकन मिळाले तेव्हा त्यात महाराष्ट्रातला एकही नव्हता. त्या मानांकनात आंघोळीच्या पाण्याची प्रत बघतात. गॅलरीच्या कठड्याची नक्षी बघत असते तर आपला पहिला नंबर होता.

म्हणून मागणी एकच, आणि तिला 17,200 कोटी लागत नाहीत. गिरगाव, दादर, माहीम, जुहू, वर्सोवा, आक्सा या प्रत्येक चौपाटीच्या तोंडाशी एक फलक लावा. त्यावर शेवटच्या तपासणीची तारीख, दर 100 मिलिलिटरमधल्या विष्ठाजन्य जंतूंचा आकडा आणि त्याच्या खाली कायदेशीर मर्यादा : 100. मराठी, हिंदी, इंग्रजी. नमुने मंडळ घेतेच, आकडे सरकारदफ्तरी आहेतच, फक्त ते पाण्यात उतरणाऱ्यापर्यंत येत नाहीत. ओहोटी-भरतीचे आणि बुडण्याच्या धोक्याचे इशारे आपण देता, मग हाही द्या. आकडा लाजिरवाणा आहे म्हणून लावता येत नाही, असे असेल तर तसे लेखी कळवा. आणि पहिला फलक दादरच्या गॅलरीच्या पश्चिमेकडच्या कठड्यावर लावा, जिथे लोक फोटो काढायला उभे राहतात.

आपला,
मालमत्ता कर वेळेवर भरणारा एक मुंबईकर