कुंपण गेले, पत्ता राहिला

सोलापुरातल्या एका शाळेत मी कितीतरी वर्षे इतिहास शिकवला. फ्रेंच राज्यक्रांतीचा धडा आला की फळ्यावर तीन आडव्या रेघा ओढायच्या. वर धर्मगुरू, मध्ये उमराव, तळाला उरलेली सगळी प्रजा. पावणेतीन कोटींच्या त्या देशात वरचे दोन वर्ग मिळून शंभरात दोनसुद्धा भरत नसत. तरी मुख्य कराचा भार शेतकऱ्यावर, आणि उमराव बहुतेक ठिकाणी केवळ जन्माने त्यातून मोकळा. मुले हे सारे पाठ करीत आणि परीक्षेत उतरवून विसरून जात.

एका वर्षी मागच्या बाकावरून प्रश्न आला, "बाई, म्हणजे आमच्या आजोबांसारखंच ना? ते जन्मले तेच गुन्हेगार म्हणून."

मुलगा सेटलमेंट फ्री कॉलनीत राहणारा. मी गडबडले. पॅरिसचा बॅस्टिल मला तोंडपाठ होता, पण गावातल्या तारेच्या कुंपणाविषयी मी वर्गात कधी अवाक्षर काढले नव्हते.

इंग्रजांनी १८७१ साली गुन्हेगार जमातींचा कायदा केला. १९११च्या कायद्याने तो मुंबई इलाख्यालाही लागू झाला. कैकाडी, टकारी, कंजारभाट यांसारख्या जमातींतली माणसे कुंपणाआड आली. रोज हजेरी द्यायची, बाहेर जायचे तर परवाना काढायचा. गावातल्या कापडगिरण्यांना कामगार हवे होते. सेटलमेंटमधली माणसे तिथे राबली. सोलापुरी चादरीचे कौतुक करताना हा धागा आपण सहसा उलगडत नाही.

फ्रान्समध्ये जन्माने सवलत मिळे, इथे जन्माने आरोप मिळाला. दोन्हीकडे माणसाने काय केले, हा प्रश्नच नव्हता. ४ ऑगस्ट १७८९च्या रात्री तिथल्या राष्ट्रसभेने सरंजामी हक्क मोडीत काढले. आपल्याकडे ३१ ऑगस्ट १९५२ रोजी तो कायदा देशातून गेला. कालचे 'गुन्हेगार' विमुक्त झाले.

पण कायदा रद्द करण्यापेक्षा मन धुणे अवघड. हे मी ऐकीव सांगत नाही. त्याच वर्षी वर्गात सहलीचे पैसे हरवले. मी सर्वांची दप्तरे तपासली, पण पहिले दप्तर उघडले ते त्या मुलाचे. का, ते मलाही तेव्हा कळले नाही. लहानपणी आजी बजावत असे, "त्या बाजूला फिरकू नकोस." ते माझ्या हाताने लक्षात ठेवले होते. पैसे माझ्याच हजेरीपटाच्या पानांत निघाले. मी वर्गासमोर चूक झाली म्हटले. तो काही बोलला नाही. दप्तर मात्र त्याने बराच वेळ नीट लावले.

आज त्या कुंपणातली एक तारही कुणाला अडवत नाही. तरीही खोली भाड्याने देताना, नोकरीला ठेवताना, चोरी झाल्यावर पहिला संशय घेताना आपण पत्ता विचारतोच. यासाठी नवा कायदा पुरणार नाही. हे घरात शिकवले गेले, तेव्हा घरातच पुसले पाहिजे. आपल्या मुलांना सेटलमेंट म्हणजे काय होते ते आज जेवताना सांगा. आणि आजीने काय सांगितले होते, तेही लपवू नका.