उजव्याचे डावे

दिवाळी अंकात फराळावर लिहावे असा या सदराचा रिवाज. यंदाही विषय पोटाचाच आहे, पण फराळाचा नव्हे.

श्रावणात आमच्या आत्याबाईंना पोटात कळ आली. डावीकडे, बरगडीखाली. साऱ्या घराने निदान केले, "वायू!" ओवा झाला, हिंग झाला, साबुदाण्याच्या खिचडीवर खापर फोडून झाले. पित्ताशय उजवीकडे असते हे शाळेत घोकलेले. खड्यांचा संशय यावा कोणाला?

सोनोग्राफी करताना डॉक्टर बराच वेळ गप्प. मग म्हणाले, "आजी, तुमचं काळीज उजवीकडे आहे." यकृत डावीकडे, आणि तिथल्याच पित्ताशयात खडे! सारे आरशातल्यासारखे. सुमारे दहा हजारांत एखादा असा निघतो. लंडनच्या मॅथ्यू बेली यांनी १७८८ सालीच असे शरीर वर्णिले होते.

"पन्नास वर्षं संसार केला, कधी अडलं नाही," आत्याबाई फणकारल्या.

खरेच आहे. अडते ते सर्जनचे. पित्ताशय दुर्बिणीतून काढण्याची रीत जर्मनीत एरिक म्यूहे यांनी १९८५ मध्ये घातली, मुंबईत डॉ. तेहमटन उडवाडिया यांनी १९९० मध्ये. सर्जनने रोग्याच्या डाव्या अंगाला उभे राहायचे, पडदा उजव्या खांद्याशी, ही त्यांची नित्याची मांडणी. इथे ती उलटी करायची. आमच्या सर्जनबाई म्हणाल्या, "खोली उलटी मांडता येते हो, हात कसा उलटा मांडू?"

पित्ताशयाची नळी आणि रक्तवाहिनी सोडवण्याचे नाजूक काम अशा वेळी डाव्या हाताकडे येते. नाही तर पित्ताशयाची मान सहायकाच्या चिमट्यात देऊन उजव्याने करायचे. चुकून मुख्य पित्तनलिका कापली गेली, तर जन्माचे दुखणे! म्हणून बाईंनी एम.आर.आय. काढून नळ्यांचा नकाशा आधीच पाहून ठेवला. डावखुऱ्या सर्जनला म्हणे हे सोपे जाते. आमच्या वर्गातल्या डावखुऱ्या पोराने त्या हातावर किती छड्या खाल्ल्या, ते मला बाहेर बाकावर बसल्या बसल्या आठवत होते.

तासाचे काम, अडीच तास लागले. दार उघडले तेव्हा बाईंच्या हातात खड्यांची बाटली होती आणि चेहऱ्यावर हसू.

घरी सोडताना त्यांनी एक चिठ्ठी दिली : "सर्व अवयव उलट बाजूस. अपेंडिक्सही डावीकडे. कोणत्याही डॉक्टरला आधी दाखवणे." आत्याबाईंनी ती बटव्यात, सुपारीच्या डबीखाली ठेवली आहे.