क्लीव्हलँडची घटमांडणी

अक्षय्य तृतीया आणि अमेरिकी फुटबॉलचा ड्राफ्ट पाठोपाठ आले की माझ्यासारखीने जायचं कुठे? बुधवारी संध्याकाळी भेंडवळला वर्षाचं भाकीत सांगणारा घट मांडला, गुरुवारी पहाटे त्याचा निकाल आला आणि पाऊस, कपाशी, देशाची गादी या सगळ्यांवर बोलायला आमची गल्ली मोकळी झाली. त्याचा मला त्रास नाही. माहेर जळगाव जामोदच्या बाजूचं. अठरा धान्यांपैकी कोणतं धान्य सरकलं आणि कोणतं जागच्या जागी राहिलं, यावर ओट्यावर रंगलेल्या चर्चा ऐकतच मी वाढले. त्रास झाला तो क्लीव्हलँडहून आलेल्या भाकितांचा. तिथे ना घागर, ना पापड, ना करंजी. तिथे आमचा भाचा आहे.

नेहमीचे वाचक या भाच्याला ओळखतात. घराला कोणता रंग द्यायचा यावर ज्याने तीन खंडांत विखुरलेल्या नातेवाइकांची मतमोजणी घेतली होती, तोच हा. पहिली नोकरी क्लीव्हलँडला लागली आणि पगाराबरोबर तिथला संघही गळ्यात पडला: क्लीव्हलँड ब्राउन्स. नोकरी त्याने पुढे बदलली, संघ बदलला नाही. इतक्या हुशार मुलाने इतका हरणारा संघ का धरून ठेवावा, हे आमच्या वहिनीला अजून कळलेलं नाही.

ड्राफ्ट म्हणजे काय ते एकदाच सांगते. तिकडच्या नॅशनल फुटबॉल लीगमध्ये ३२ संघ आहेत आणि कॉलेजात खेळून तयार झालेली पोरं ते दर एप्रिलमध्ये सात फेऱ्यांत आपसात वाटून घेतात. आयपीएलसारखी बोली नाही, नंबराने निवड. गेल्या मोसमात जो सगळ्यात जास्त हरला त्याचा नंबर पहिला, विजेत्याचा शेवटचा. श्रीमंत संघांनीच सगळी चांगली पोरं उचलू नयेत म्हणून १९३६ मध्ये फिलाडेल्फियाच्या एका हॉटेलात ही पद्धत सुरू झाली. फळ्यावर ९० नावं लिहिली होती आणि सगळ्यात पहिला निवडला गेलेला जे बर्वँगर या लीगमध्ये एकही सामना खेळला नाही. दुसरी नोकरी त्याला परवडली. २०२५चा सोहळा २४ ते २६ एप्रिलला ग्रीन बे गावी झाला आणि २५७ पोरांना संघ मिळाले.

आता गाऱ्हाणं. या ड्राफ्टच्या आधी काही महिने चाहते ‘मॉक ड्राफ्ट’ करतात, म्हणजे कोणता संघ कोणाला घेईल याची यादी आधीच लिहून काढतात. भाच्याची यादी मार्चपासून माझ्याकडे येत होती आणि दर रविवारी बदलत होती. त्याची बायको ऐकायला तयार नाही, मुलीला बॅले आहे, उरले मी. “आत्या, तुला कळलं नाही तरी चालेल. तू फक्त साक्षीदार रहा,” असं तो म्हणाला. लग्नात आणि खरेदीखतावर साक्षीदार लागतो हे मला माहीत होतं. भाकिताला साक्षीदार लागतो हे नवीनच.

यादी अशी होती. ब्राउन्सचा नंबर दुसरा, कारण गेल्या मोसमात १७ पैकी १४ सामने हरून त्यांनी तो कष्टाने मिळवला होता. त्या नंबरावर कोलोरॅडो विद्यापीठाचा ट्रॅव्हिस हंटर. हा पोरगा चढाईतही खेळतो आणि बचावातही, म्हणजे एका पगारात दोन माणसं. मग दुसऱ्या फेरीच्या सुरुवातीला, ३३व्या नंबरावर, त्याच कॉलेजचा शेड्यूर सँडर्स. हा क्वार्टरबॅक, चेंडू कोणाकडे फेकायचा ते ठरवणारा, आणि जुन्या जमान्यातला नामवंत खेळाडू डिऑन सँडर्स याचा मुलगा. “लिहून ठेव,” भाचा म्हणाला. मी वाण्याच्या वहीच्या मागच्या पानावर लिहून ठेवलं.

शुक्रवारी आपल्याकडे पहाटे साडेपाचला ड्राफ्ट सुरू झाला. चहाचं आधण ठेवलं होतं तेवढ्यात फोन. ब्राउन्सनी दुसरा नंबरच विकला होता! जॅक्सनव्हिलच्या संघाने तो घेऊन हंटरला उचललं आणि बदल्यात पाचवा नंबर, खालच्या फेऱ्यांतल्या काही निवडी आणि पुढच्या वर्षीची पहिल्या फेरीतली एक निवड दिली. पाचव्या नंबरावर ब्राउन्सनी मेसन ग्रॅहम नावाचा मिशिगनचा धिप्पाड बचावपटू घेतला. ३३व्या नंबरावर सँडर्स नाहीच. आणखी एक बचावपटू. तिसऱ्या फेरीत एकदाचा क्वार्टरबॅक घेतला तो डिलन गॅब्रिएल नावाचा, जो भाच्याच्या यादीत कुठल्याच पानावर नव्हता. सँडर्सला तर कोणीच घेईना. पहिल्या फेरीत जाईल असं ज्याच्याबद्दल अनेकांनी छातीठोक सांगितलं होतं, तो पोरगा दोन दिवस घरी फोनकडे बघत बसला. त्यात एकाने संघाचा व्यवस्थापक असल्याची बतावणी करून त्याला खोटा फोन केला. तो अटलांटाच्या एका प्रशिक्षकाचा मुलगा निघाला आणि लीगने त्या संघाला अडीच लाख डॉलर्स आणि बापाला एक लाख डॉलर्स दंड ठोकला. पोराच्या चहाटळपणाचा दंड बापाला झालेला पाहून मला बरं वाटलं. आपल्याकडेही चालू करायला हरकत नाही.

तिसऱ्या दिवशी, पाचव्या फेरीत, १४४व्या नंबरावर सँडर्सला घेतलं ते नेमकं ब्राउन्सनीच. आपल्याकडे रात्र बरीच झाली होती, तरी फोन आलाच.

“आत्या, शेड्यूर आपल्याकडे येणार असं मी म्हणालो होतो की नाही?”

“म्हणाला होतास. ३३व्या नंबरावर.”

“नंबराचं काय घेऊन बसलीस! नाव बरोबर आलं ना?”

यावर मी काय बोलणार? भेंडवळचा पाऊसही आमच्याकडे असाच खरा ठरवतात. सांगितलेल्या महिन्यात आला तर भाकीत खरं, पुढच्या महिन्यात आला तर ‘आला तर खरा!’ अंधश्रद्धा निर्मूलनवाले दरवर्षी ओरडून थकतात. भाच्याला इथून जाऊन एवढी वर्षं झाली, पण वळण बुलढाणा जिल्ह्याचंच.

तरी भाच्याला मी माफ करते. ज्यांना या कामाचे पैसे मिळतात त्यांना मात्र करत नाही. मेल कायपर नावाचे एक गृहस्थ १९८४ पासून अमेरिकी टीव्हीवर ड्राफ्टची भाकितं सांगतात. २०१० मध्ये जिमी क्लॉसन नावाचा क्वार्टरबॅक यशस्वी झाला नाही तर आपण हा धंदा सोडू, असं ते बोलून बसले होते. क्लॉसनला काही जमलं नाही. कायपर अजून टीव्हीवर आहेत आणि २०२५ मध्ये सँडर्सला कोणी घेत नाही म्हणून संघांवरच डाफरत होते. आमच्या मंडईतली भाजीवाली वांगी किडकी निघाली तर दुसऱ्या दिवशी बदलून देते. भाकीतवाल्याकडून माल बदलून मिळाल्याचं मी ऐकलेलं नाही, मग तो टीव्हीवरचा निवडणूक पंडित असो, शेअर बाजाराचा सल्लागार असो की क्वार्टरबॅकचा पारखी.

आणि पारख तरी कशी! या पोरांना इंडियानापोलिसला बोलावून त्यांची उंची, वजन, उडी, ४० यार्डांची धाव सगळं मोजतात. इथपर्यंत ठीक. पण क्वार्टरबॅकची वीतही मोजतात, अंगठ्याच्या टोकापासून करंगळीच्या टोकापर्यंत. २०२२ मध्ये केनी पिकेटची वीत साडेआठ इंच भरली आणि देशभर चर्चा झाली की एवढ्याशा हातात ओला चेंडू राहायचा कसा. पिट्सबर्गने तरी त्याला पहिल्या फेरीत घेतला, दोन वर्षांत सोडलाही. २०२५च्या मार्चमध्ये तो कुठे आला म्हणता? क्लीव्हलँडला. इंचाच्या आठव्या भागापर्यंत मोजणाऱ्या या मंडळींनी २००० साली टॉम ब्रेडीला सहाव्या फेरीत, १९९व्या नंबरापर्यंत, तसाच बसवून ठेवला होता. त्याच्या आधी सहा क्वार्टरबॅक निवडले गेले आणि त्यातला एक, स्पर्गन विन नावाचा, १८३व्या नंबरावर घेतला तो ब्राउन्सनी. ब्रेडीने पुढे सात सुपर बोल, म्हणजे लीगच्या अंतिम लढती, जिंकले. विनचं नाव भाच्यापुढे काढू नये, असं मला त्याच्या बायकोने बजावलंय.

ब्राउन्सची कुंडलीच तशी. या संघाने शेवटचं विजेतेपद मिळवलं १९६४ मध्ये, सुपर बोलच्या आधीच्या जमान्यात. सुपर बोल जिंकणं सोडा, तिथवर ते कधी पोचलेच नाहीत. १९९६ मध्ये मालकाने खेळाडूंसकट बिऱ्हाड बाल्टिमोरला हलवलं आणि तिथे त्याच वर्षीच्या ड्राफ्टमध्ये पहिल्या फेरीत दोन असे खेळाडू मिळवले की दोघेही आज हॉल ऑफ फेममध्ये आहेत. क्लीव्हलँडला १९९९ मध्ये नावापुरता तोच, पण कोरा संघ परत मिळाला. पुढे २००७, २०१२ आणि २०१४ असे तिन्ही वेळा त्यांनी पहिल्या फेरीत क्वार्टरबॅक घेतला आणि तिन्ही वेळा नंबर २२वा. तिघेही टिकले नाहीत. त्यातला २०१२चा तर निवडला तेव्हाच २८ वर्षांचा होता. त्या वयात आमच्याकडे पोराला ‘आता लग्नाचं बघा’ म्हणतात. २०१७च्या मोसमात १६ पैकी १६ सामने हरल्यावर चाहत्यांनी स्टेडियमभोवती चक्क मिरवणूक काढली, गोल शून्याच्या आकारात. हे ऐकलं तेव्हा मला क्लीव्हलँड पहिल्यांदा आवडलं.

या संघाला ड्राफ्टने दिलेला सगळ्यात चोख माणूस म्हणजे जो थॉमस. २००७ मध्ये तिसऱ्या नंबरावर त्याची निवड झाली तेव्हा न्यूयॉर्कच्या समारंभाला जायचं सोडून तो बापाबरोबर मिशिगन सरोवरात मासे पकडत होता. पुढे त्याने एकही डाव न चुकवता सलग १०,३६३ डाव मैदानात काढले. बहुतेक पराभवाचेच. अशा माणसावर भाकीत काय करायचं? कामाला येतो, काम करून जातो.

आणि तरीही भाच्याची यादी का, याचं उत्तर मला २०२२च्या एका व्यवहारात सापडलं. त्या वर्षी ब्राउन्सनी ह्यूस्टनकडून डेशॉन वॉटसन हा क्वार्टरबॅक आणला. त्याच्यासाठी तीन वर्षांच्या पहिल्या फेरीतल्या निवडी दिल्या आणि त्याला २३ कोटी डॉलर्सचा पूर्ण हमीचा करार दिला. गैरवर्तनाच्या तक्रारींवरून त्याच्यावर ११ सामन्यांची बंदी आली, मग दुखापती, मग शस्त्रक्रिया. पैसे मालकाचे गेले, त्याचं मला काही नाही. पण तीन वर्षांच्या एप्रिलमध्ये चाहत्यांकडे पहिल्या फेरीत लिहायला नावच उरलं नाही. हरणाऱ्याला सगळ्यात आधी निवडायला मिळतं, म्हणजे हरण्याची भरपाई आशेने होते, एवढाच या पद्धतीतला चाहत्याचा हिस्सा. तोच त्यांनी विकून टाकला. त्या तीन वर्षांत भाचा एप्रिलमध्ये मला फोन करायचा तो आईच्या गुडघ्यांबद्दल. चांगला फोन असायचा, पण त्याचा आवाज असा चढायचा नाही.

म्हणून माझा निवाडा असा आहे. पंडित सांगतो ते संघ काय करतील याचं भाकीत असतं आणि ते चुकलं की त्याने हिशेब द्यायला हवा. चाहता लिहितो तो संघाला केलेला अर्ज असतो. ब्राउन्स काय करतील हे आमच्या भाच्याला पक्कं ठाऊक आहे. एवढ्या वर्षांत न कळायला तो काही भोळा नाही. तसं लिहायचं त्याच्या जिवावर येतं, इतकंच. घरात असा कोणी अर्जदार असेल तर वाचकांनी त्याची यादी ऐकून घ्यावी, मध्ये प्रश्न विचारू नयेत आणि निकालानंतर वही उघडू नये. पंडितांसाठी मात्र वही जरूर ठेवावी, तारखेसकट.

यानंतरचा ड्राफ्ट २०२६च्या एप्रिलमध्ये पिट्सबर्गला ठरला. क्लीव्हलँडहून गाडीने जेमतेम दोन-अडीच तास. जॅक्सनव्हिलकडून मिळालेली धरून ब्राउन्सकडे त्यासाठी पहिल्या फेरीत दोन निवडी आल्या. भाच्याची नवी यादी काल रात्री आली.